मातीची भाकरी

जून जवळ आला की शाळेच्या कपाटामागून आमचा फ्लेक्स निघतो. गुंडाळून, सुतळीनं बांधून, वर्षभर भिंतीला टेकवून ठेवलेला. सुतळी सोडली की आधी पालीची अंडी पडतात, मग धूळ, आणि मग तो दोन्ही कडांनी परत आत वळत, कुरकुरत उलगडतो. शेख सर एका कडेवर पाय देऊन उभे राहतात, दुसऱ्या कडेवर मी खडूची पेटी ठेवते. पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या तयारीचा मेळावा आमच्याकडं याच फ्लेक्सखाली होतो. साल बदलावं लागतं म्हणून दरवर्षी आकड्यावर कागदाची एक पट्टी चिकटवतो. यंदाची चौथी. त्या जागेवर बोट फिरवलं तर उंचवटा लागतो. बाकी काही बदलत नाही. वर तोच मजकूर, ‘आमची शाळेची तयारी झाली’, आणि खाली तीच मुलगी, दोन्ही हातांत मातीची गोल भाकरी धरून हसणारी.

ती ईश्वरी. फोटोत ती सहा वर्षांची आहे, आणि पाच वर्षं झाली तरी सहाचीच आहे.

“दुसरा छापून घ्यायचा का यंदा?” शेख सरांनी विचारलं. ते आमचे मुख्याध्यापक. मुख्याध्यापक म्हणजे तरी काय, दोन शिक्षकांची शाळा, त्यातले एक ते आणि दुसरी मी. सोनईचे आहेत, बोलतात मोजकं, आणि हा प्रश्नही ते दरवर्षी विचारतात.

“राहू द्या, चांगला आहे की अजून,” मीही दरवर्षी हेच म्हणते. खरं कारण वेगळं आहे. तो फ्लेक्स बदलला तर मला फार बरं वाटेल, आणि तसं बरं वाटून घ्यायचा मला हक्क नाही असं मला वाटतं.

पाथर्डीहून जीपनं निघालं की आमच्या वस्तीच्या फाट्याला उतरावं लागतं आणि पुढं अर्धा तास पायी. जूनमध्ये ही वाट नुसती वाऱ्याची असते. मृग लागल्याचं कॅलेंडर सांगतं, आकाश काही सांगत नाही. डोंगराच्या अंगानं वारा सुटतो, डोळ्यांत माती जाते, पदर हातात धरून चालावं लागतं. शाळेत पोचलं की नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्याचा वास येतो, कोऱ्या शाईचा आणि गोणपाटाचा मिळून. भिंतीला नुकताच दिलेला चुना हाताला लागतो. पायरीवर गेरू ओला असतो आणि त्यावर हमखास एका कुत्र्याची पावलं उमटलेली असतात. हा वास मला अजून आवडतो, हे कबूल करते. मनातून सगळं विटून गेलं असलं तरी त्या गठ्ठ्याची दोरी कापताना हात जरा घाई करतात.

मला तयारीचं वेड लहानपणापासून. आमचं घर मिरजगावला, अगदी हमरस्त्यावर. शाळा सुरू व्हायच्या आधी आठ दिवस मी वह्यांना खाकी कागदाची कव्हरं घालत बसायची. बाहेरून ट्रक गेला की घर हलायचं आणि कात्री वाकडी जायची, मग मी ते कव्हर टाकून पुन्हा नवं घालायची. आई म्हणायची, “अगं, आतली पानं कोरीच हायेत अजून, वरूनच किती नटवशील?” पण माझा विश्वास होता की जो आधीपासून तयार असतो त्याचं सगळं नीट होतं. पुढं शिक्षिका झाले ती याच विश्वासावर. उपदेश करायची खोड त्यातूनच लागली असावी. कुणाला काय यायला हवं, कधी यायला हवं, याच्या याद्या मी फार सुंदर करते.

इथं आल्यावर मात्र मला कळलं की तयारी काय असते ते या माणसांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दसरा झाला की वस्तीत ऊसतोडीला जायची आवराआवर सुरू होते. पत्र्याच्या पेटीत सहा महिन्यांचं घर बसवायचं असतं. बाजरीचं पीठ, तवा, पातेली, फडावरच्या झोपडीवर, म्हणजे कोपीवर, टाकायची ताडपत्री, पोरांचे स्वेटर, कोयत्याला नवा दांडा, डालग्याखाली कोंबडी. काय न्यायचं आणि काय मागं ठेवायचं, हे यादी न करताच ठरतं. एकदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामान चढलं की त्यात सुईही विसरलेली नसते. मजुरीच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुलं कशात धरत नाहीत, ती पेटीसारखी बरोबर असतात.

तेव्हा आमचं शाळेचं वर्ष असं. जूनमध्ये फुगे, दसऱ्यापर्यंत वर्ग, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर कुलूप उघडलं की बसायच्या रिकाम्या पट्ट्या. पुस्तकात दहा महिन्यांचा अभ्यास छापलेला असतो, तो आमच्या मुलांना चार महिन्यांत भेटतो आणि मग सोडून जातो. पहिल्या वर्षी मी रिकाम्या वर्गात रडले होते. दुसऱ्या वर्षी अर्ज केले. तिसऱ्या वर्षी हा मेळावा आला आणि मला वाटलं, हे माझ्या हातचं आहे.

मेळावे दोन असतात, एक एप्रिलच्या अखेरीला आणि दुसरा शाळा उघडताना. पहिल्यात मूल तयारीत कुठवर आलंय ते पाहायचं, घरच्यांना काय करायचं ते सांगायचं, आणि दुसऱ्यात काय फरक पडला ते बघायचं. त्या वर्षी एप्रिलमध्ये माणसं नुकतीच कारखान्यांवरून परतली होती. चेहरे उन्हानं काळवंडलेले, हातांवर उसाच्या पाचटानं ओढलेल्या बारीक रेघा. कडुनिंबाखाली सतरंजी टाकली होती. मी माईक हातात घेतला आणि मनापासून बोलले. मुलाचं स्वतःचं काम स्वतःला करू द्या, म्हणाले. बटण लावणं, ताट उचलणं, कपडे घडी करणं. आई जवळ नसली तरी मूल अडून बसायला नको, अशी तयारी करा. चांगलं भाषण झालं. शेख सरसुद्धा मान हलवत होते.

शेवटच्या रांगेत मंगल बसली होती, मांडीवर वर्षाची धाकटी, शेजारी ईश्वरी. सगळे उठल्यावर ती जवळ आली.

“म्याडम, हिला समदं आलं, आई लागली न्हाई, तर ही हितं मागं राहू शकंल ना? आजीपाशी?”

“का नाही राहणार? राहील की.”

“वर्सभर शाळा हुईल मंग?”

“वर्षभर होईल.”

तिनं मान हलवली. ती मान हलवणं मला अजून दिसतं. एखादं काम अंगावर घेतल्यावर माणूस हलवतो तशी होती ती.

मे महिन्यात मी पटनोंदणीला घरोघर फिरत होते. मंगलच्या घरापुढं आले तर ईश्वरी चुलीपुढं बसलेली. परातीत पीठ, कपाळावर घाम, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याचा एक लांबट डाग. आजी भिंतीला टेकून होती. तिचे दोन्ही हात मांडीवर ठेवले तरी थरथरत होते, पाण्याचा पेला धरला की निम्मं पाणी सांडायचं.

“आजीला थापता येत न्हाई,” मंगल म्हणाली. “हिला आली म्हनजी दोगी खातील. तुमी म्हनला तसं करतीया बगा.”

ईश्वरीनं थापलेली भाकरी उचलली. काठ जरा फाटला होता, पण गोल होती. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला तो अगदी बाईमाणसासारखा. मी काय केलं? मी म्हणाले, “वा, किती हुशार.” घरी येऊन अहवालात लिहिलं की पालकांचा सहभाग उत्तम आहे. सहा वर्षांच्या मुलीच्या मनगटावरचा डाग मी पाहिला होता आणि त्याला मी तयारी म्हणाले, हे मी आज सरळच लिहून टाकते.

जूनचा दुसरा मेळावा तर सणासारखा झाला. आंब्याच्या पानांचं तोरण, रंगीत कागदाच्या साखळ्या, स्पीकरवर गाणी. नव्या मुलांची पावलं कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर उमटवायची आमच्याकडं पद्धत आहे. शेख सर दरवर्षी खाली बसतात, एकेका मुलाचा पाय हातात घेतात, ताटात टेकवतात, मग कागदावर. मुलांना गुदगुल्या होतात. मग तो पाय ते स्वतःच्या रुमालानं पुसतात. संध्याकाळपर्यंत त्यांची बोटं लाल असतात. ईश्वरीचं पाऊल रुंद उमटलं होतं, अनवाणी फिरणाऱ्या मुलांचं असतं तसं. तिनं कागदाकडं पाहून विचारलं, “हे हितंच ऱ्हानार?” सर म्हणाले, “हो, कपाटात.” तिचं समाधान झालं.

मग टेबलं. उंची, वजन, रंग ओळखणं, गोष्ट सांगणं, मणी ओवणं. प्रत्येक मुलाच्या कार्डावर तीन रकाने असतात. जमतं, मदतीनं जमतं, अजून जमत नाही. शेवटच्या टेबलावर ओली काळी माती ठेवली होती, हवं ते बनवा म्हणून. कुणी गोळा केला, कुणी साप, कुणी नुसतीच माती तोंडाला फासली. ईश्वरीनं लिंबाएवढी माती घेतली, मळली, तळव्यावर फिरवली आणि टेबलावर थाप थाप थाप करत थापायला लागली. बोटांनी कडा सारखी करत, अंदाजानं फिरवत. बघता बघता पुरती गोल भाकरी झाली. कुठं जाड नाही, कुठं पातळ नाही. मी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. मी तिला उचलून टेबलावर उभं केलं आणि माईकवर म्हणाले, “बघा, हिला म्हणतात तयारी.” फोटो काढला. तिचे वडील अंकुश कडुनिंबाखाली इतर पुरुषांबरोबर उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ते मुलीकडं बघत राहिले. मला वाटलं, अभिमान आहे.

ते चार महिने मात्र खरे होते, ते कुणी माझ्याकडून काढून घेऊ नये. ईश्वरी सगळ्यात आधी यायची आणि पायरीवर बसून राहायची. तिला अक्षरांचं फार अप्रूप. ‘भ’ गिरवताना म्हणायची, हे भाकरीतलं. ‘ई’ काढायला तिला त्रास व्हायचा आणि स्वतःच्याच नावातलं म्हणून तिला त्याचा राग यायचा. गणपतीच्या सुमारास तिनं फळ्यावर पूर्ण नाव लिहिलं, वरची रेघ फळ्याच्या टोकापर्यंत ओढत नेली. ती पुसायला मी दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. त्या दिवसांत थोडा पाऊस झाला होता, शाळेमागं तरवड फुलला होता, आणि मला वाटत होतं की एक तरी मूल आपल्याकडं राहणार. मी मनातल्या मनात नोव्हेंबरचे धडे आखायला घेतले होते. नोव्हेंबरचे धडे मी या शाळेत आधी कधी आखलेच नव्हते.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी अंकुश शाळेत आले. चप्पल बाहेर काढली, दारात उभे राहिले.

“ईश्वरीचं नाव लिवा जानाऱ्यांत,” म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. मी म्हणाले, “ती आजीपाशी राहणार आहे ना? मंगलताईंनी तर सगळं ठरवलंय.”

“माजी आई जाती थोरल्या भावाकडं. त्याचं काई न्हाई. पर बारकीला फडात नेता येत न्हाई, म्याडम, ती आता चालती. उसात कुठं बी जाईल. आमी दोगं पाटंचं गेलो की कोपीवर कोन हाय? हिला आता भाकरी येती, बारकीला बी संबाळती.”

“अहो, पण ती शाळेसाठी शिकली ते.”

“तुमीच तर टाळ्या वाजवल्या.” आवाजात टोमणा नव्हता. माझीच साक्ष काढत होते. “मला बी तवाच कळलं, पोरगी उपेगाची झाली.”

मी भांडले. मागं राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचं सांगितलं. ते आमच्याकडं त्या वर्षी मंजूर व्हायचं होतं, आणि पुढं मंजुरी आली तेव्हा माणसं परतायला लागली होती. मी मंगलकडं गेले. ती पेटी भरत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

“मी म्हनले हुते त्येंला,” ती म्हणाली. “पर त्येंचं बी खोटं न्हाई, म्याडम. मागल्या साली बारकी दोनदा चुलीपाशी गेल्ती.”

तिला रागवावं असं काही तिनं केलं नव्हतं. तिनं माझं ऐकलं होतं, एवढंच. वस्तीतल्या सगळ्या बायांत तिनं एकटीनं मी सांगितलेलं अक्षरशः केलं. ज्या बायांनी माझ्या भाषणाकडं कानाडोळा केला, त्यांची मुलंही गेली, पण ती नुसती मुलं म्हणून गेली. ईश्वरी हाताशी आलेली म्हणून गेली. हा फरक मी केला.

जाणाऱ्या मुलांना आम्ही एक कार्ड देतो. ते दाखवलं की जिथं जाल तिथल्या शाळेत बसायला मिळतं. मी ईश्वरीचं कार्ड पाथर्डीला जाऊन लॅमिनेट करून आणलं, फोटो लावला, मागं माझा फोन नंबर घातला. ट्रॉली निघाली त्या सकाळी ते मंगलच्या हातात दिलं आणि म्हणाले, “हे जपा. हरवू नका. फार महत्त्वाचं आहे.” ईश्वरी सामानावर बसली होती, मांडीवर धाकटी. तिनं हात हलवला नाही, कारण दोन्ही हात धाकटीला धरण्यात होते.

दिवाळीनंतरची शाळा कशी असते ते मी सांगत बसत नाही. खिचडीचं पातेलं मोठं आणि मुलं सहा. आवाज इतका कमी की फळ्यावर खडूचा आवाज स्वतःलाच ऐकू येतो. उन्हाची तिरीप वर्गात येते आणि कुणाच्या पाठीवर न पडता सरळ फरशीवर पडते. मी ‘ई’ शिकवत होते, पण नाव ज्याचं ईनं सुरू होतं असं कुणी वर्गात नव्हतं.

चैत्रात ती परतली. हात लांब झाले होते, केस तांबूस, तळव्यांना बारीक चिरा. मंगल त्याच दिवशी शाळेत आली. ओच्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्या आत दुसरी, तिच्या आत धडप्यात गुंडाळलेलं कार्ड. कोरं करकरीत. मी दिलं होतं तसंच.

“घ्या म्याडम, तुमचं. पेटीच्या तळाला ठिवलं हुतं. कुनाला हात लावू दिला न्हाई.”

सहा महिने तिनं ते जपलं होतं. जपा म्हटलं होतं ना मी. दाखवा असं म्हटलंही असेन, पण जोर दिला तो जपण्यावर. आणि इतकं महत्त्वाचं कार्ड कुठल्या परक्या गावच्या शाळेत कोण देईल, ते कुठं हरवलं तर काय, असा तिचा विचार. मी ते घेतलं आणि “बरं केलंत” म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

ईश्वरीला ‘ई’ येत नव्हती. मी तिला पुन्हा क-पासून सुरुवात करून दिली. दसऱ्यापर्यंत ती पुन्हा नावापर्यंत आली आणि पुन्हा गेली. दर जूनला मी तिला तीच अक्षरं शिकवली, दर वर्षी ती थोडी लवकर शिकली आणि पुरती विसरून परतली. त्या दुसऱ्या जूनमध्येच वरच्या ऑफिसात कुणाला तरी तो मातीच्या भाकरीचा फोटो आवडला आणि आम्हाला फ्लेक्स छापून मिळाला. ईश्वरीनं तो पाहिला, खूप वेळ पाहिला, आणि म्हणाली, “ह्यात माझे हात चांगलेत.” नंतर चौथी संपली, आमच्या शाळेतून नाव कमी झालं. आता ती शेजारच्या गावच्या शाळेच्या पटावर आहे, सहावीत. पटावर सगळेच पुढं जातात.

आणि यंदाचा मेळावा. तोरण, साखळ्या, ताटात कुंकवाचं पाणी. शेख सरांचा गुडघा आता दुखतो, तरी ते खालीच बसले. भाषणात मी फार काही बोलले नाही. गेली काही वर्षं मी मुलांना गोष्टी सांगा, त्यांच्याशी बोला, एवढ्यावरच आटोपते. कामं शिकवा हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. त्यानं काही थांबत नाही हेही मला माहीत आहे. कोपीवर आठ दिवसांत सगळं शिकता येतं, त्याला माझ्या भाषणाची गरज नसते.

नोंदणीच्या टेबलापुढं ईश्वरी उभी होती. एका हाताशी धाकटी बहीण, आराध्या. तीच ती ट्रॉलीवरची, आता सहा वर्षांची. आई आली नव्हती. मंगलची कंबर गेलीय, ती पाथर्डीला दवाखान्यात गेली होती. अंकुश कडुनिंबाखाली उभे होते, केस बरेच पिकलेले. मला बघून नमस्कार केला.

“औंदा मंगलचं जमंल असं वाटत न्हाई मोळ्या उचलायचं,” ते म्हणाले. “थोरलीला फडात घ्यावं लागंल.”

“मग कोपीवर?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

त्यांनी आराध्याकडं पाहिलं. “बगू. पोरी शिकत्यात.”

ईश्वरीनं हे ऐकलं. ती बहिणीला घेऊन पुढच्या टेबलाकडं चालू लागली. फ्लेक्सखालून जाताना तिनं वर बघितलं नाही. अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांच्या स्वतःच्या खालून गेली. मी कार्ड घेऊन त्यांच्यामागून गेले.

“हिला बटण लावता येतं?” मी विचारलं.

“न्हाई येत.”

“ताट उचलते? धुते?”

“न्हाई. मी करती समदं.”

“वेणी?”

“मीच घालती.”

“काही तर येत असेल गं.”

ईश्वरीनं माझ्याकडं सरळ बघितलं. “काई येत न्हाई, म्याडम. मी येऊच दिलं न्हाई. चुलीपाशी बसू बी देत न्हाई. आई वराडती, तरी देत न्हाई.” मग म्हणाली, “तुमी तसंच लिवा. काई येत न्हाई म्हनून.”

मी लिहिलं. ‘अजून जमत नाही’च्या रकान्यात एकाखाली एक खुणा करत गेले. इतकं वाईट कार्ड मी या शाळेत कुणाचं भरलं नव्हतं आणि इतक्या काळजीनंही कुणाचं भरलं नव्हतं. ईश्वरी वाकून बघत होती, एखादी खूण चुकून दुसरीकडं जातेय का ते.

शेवटी मातीचं टेबल. आराध्यानं दोन्ही हात घातले, तिला मजा वाटली. माती पिळली, फेकली, पुन्हा उचलली. ईश्वरी शेजारी उभी. मग आराध्यानं एक गोळा घेतला, तळव्यांत फिरवला, टेबलावर ठेवला आणि थाप मारली. मग दुसरी. तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण पाच वर्षं तिनं रोज बहिणीचे हात पाहिले होते. तिसरी थाप पडली तशी कडा गोल व्हायला लागली.

ईश्वरीनं ती माती तिच्या हाताखालून काढून घेतली आणि मुठीत दाबली. “साप कर,” म्हणाली. “लांबडा साप कर.”

“मला भाकर करायची.”

“तुला न्हाई येत,” ईश्वरी म्हणाली, अगदी मोठ्यानं, कडुनिंबापर्यंत ऐकू जाईल असं. “साप कर.”

आराध्या हिरमुसली, पण माती लांब ओढू लागली. ओढता ओढता तिचा तळवा पुन्हा चपटा पडत होता. मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि त्या दोघींच्या आणि कडुनिंबाखालच्या त्या माणसाच्या मधे, पदर सावरल्यासारखं करत, जाऊन उभी राहिले. वारा होता, डोळ्यांत माती जात होती. दसऱ्याला अजून चार महिने होते.